साड्यांना चार स्टार, पार्किंगच्या शिक्क्याला एक

आधीच सांगते, दुकान वाईट नाहीये. भावाच्या लग्नाचा अख्खा बस्ता आम्ही तिथेच बांधला आणि साड्यांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. नाव टाकत नाहीये, कारण एक तर पार्किंगच्या 270 रुपयांसाठी कोणाच्या धंद्याचं वाटोळं करायचं नाहीये, आणि दुसरं म्हणजे लग्न अजून व्हायचंय आणि आमचे सहा ब्लाऊज त्यांच्याकडेच शिवायला पडलेत. पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपासचं, तीन मजली, खाली आहेराच्या साड्या, वर शालू-पैठणी, एवढं सांगितलं तरी ओळखणारे ओळखतील, नाही ओळखलं तरी चालेल कारण अशी दुकानं तिथे बरीच आहेत आणि मी सांगतेय ते कुठेही होऊ शकतं.

तर आम्ही राहतो चिंचवडला. आई म्हणाली मेट्रोने जाऊ, पिंपरीत बसलं की थेट मंडई, 2024 च्या सप्टेंबरपासून मंडई स्टेशन चालू झालंय तेव्हापासून आई गाडीचं नावच काढत नाही. पण बस्ता म्हणजे काय ते ज्यांनी बांधलाय त्यांना माहितीये, येताना नऊ पिशव्या होत्या, त्यातल्या दोन तर नुसत्या मानपानाच्या. मेट्रोच्या एस्कलेटरवर नऊ पिशव्या आणि गुडघेदुखीवाली आई, नको. म्हणून गाडी काढली.

गाडी काढली की पुढचा प्रश्न लावायची कुठे. पेठेत ज्यांनी गाडी फिरवलीये त्यांना सांगायला नकोच, एक तर वन वे, त्यात गल्ल्यांमध्ये सम तारखेला या बाजूला विषम तारखेला त्या बाजूला अशा पाट्या, आणि आज तारीख काय हे आठवेपर्यंत मागचा रिक्षावाला हॉर्नवर झोपलेला असतो. रस्त्यावर कुठेतरी घुसवली की टोइंगवाले उचलतात, मग साडी राहिली बाजूला, गाडी सोडवत फिरा. (आणि 11 डिसेंबरला तर गाडी घेऊन जाऊच नका, त्या दिवशी लक्ष्मी रोडवर पादचारी दिन असतो, चालत गेलात तर मजा आहे मात्र.) त्यामुळे दुकानाला लागूनच असलेल्या कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये पे अँड पार्कचा बोर्ड दिसला तेव्हा आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. पहिल्या तासाला 40, पुढे प्रत्येक तासाला 30. रॅम्प इतका अरुंद की नवऱ्याने आरसे मिटून गाडी खाली घातली, पण घातली. पार्किंगवाल्या मुलाने पिवळी चिठ्ठी फाडून दिली, वर गाडीचा नंबर आणि वेळ पेनाने लिहिली, नवऱ्याने ती खिशात कोंबली. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते आम्ही बघितलं नाही. चिठ्ठी उलटून कोण बघतं.

आता दुकान. साडेअकराला आत गेलो, गादीवर बसवलं, पाणी आलं, चहा आला, आणि मग जे सुरू झालं ते साडेतीन वाजून गेले तरी चालूच. साड्या दाखवणारे काका म्हणजे खरंच मोठा माणूस, साठीचे असतील, एकदाही चेहऱ्यावर आठी नाही. आईने चाळीसेक साड्या उघडायला लावल्या आणि शेवटी पहिली उघडलेलीच घेतली, तरी ते हसून म्हणाले, काकू, पहिली नजर तीच खरी. पैठणी बघताना त्यांनी स्वतःहून साडी उलटी करून दाखवली, हातमागाची असेल तर पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच स्वच्छ दिसतो, मशीनची असेल तर मागे धाग्यांचं जंगल असतं किंवा ते कापलेले तरी दिसतात. वहिनीसाठी येवल्याची खरी पैठणी एकच घेतली, बाकीच्यांना सेमी, आणि काकांनी सेमीला सेमीच म्हटलं, उगाच हातमागाची म्हणून गळ्यात मारली नाही. सिल्क मार्कचा टॅग पण दाखवला. चार स्टार आहेत ते या काकांचे आहेत, हे लिहून ठेवते.

बिल झालं 61,400. एवढ्या बिलावर आईने अर्धा तास घासाघीस करून एक ब्लाऊजपीस आणि दोन कापडी पिशव्या मिळवल्या आणि ती इतकी खूश की बाहेर येताना तिचा गुडघासुद्धा दुखत नव्हता. खाली बेसमेंटमध्ये आलो तर चार वाजून गेलेले. पार्किंगवाल्याने चिठ्ठी घेतली, पाच तास, 160 रुपये. नवऱ्याने क्यूआर स्कॅन केला, टिंग वाजलं, निघालो. त्या मुलाने आमच्या हातातल्या नऊ पिशव्या बघितल्या, नऊच्या नऊ पिशव्यांवर शेजारच्या दुकानाचं नाव हातभर मोठं, डिकीत ठेवायला त्याने मदत पण केली. बोलला काही नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते राहिलेल्या आहेराच्या साड्या घ्यायला. लग्नाच्या यादीत कोणीतरी राहतंच, यावेळी भावाच्या सासरच्या दोन आत्या राहिल्या होत्या आणि ते आईला रात्री अडीच वाजता आठवलं. एक तास दहा मिनिटं लागली, म्हणजे दोन तास धरले, 70 रुपये. बिल 9,850. तिसऱ्यांदा मी आणि नवरा दोघंच, फॉल-पिकोला दिलेल्या साड्या आणायला, वीस मिनिटांत बाहेर. 40 रुपये. वीस मिनिटांचे 40 म्हणून नवरा जरा कुरकुरला तेव्हा मीच त्याला म्हटलं की अरे साठ हजाराच्या साड्या घेऊन चाळीस रुपयांचं काय घेऊन बसलायस. हे वाक्य माझं आहे हे तो मला आता रोज ऐकवतो.

चौथ्या वेळेला हैदराबादची मावशी होती. ही आईची सख्खी धाकटी बहीण, लग्न करून पस्तीस वर्षांपूर्वी तिकडे गेली, मराठी अजून शुद्ध आहे पण मधूनच "हौ" येतं. तिला भाच्याच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती आणि काकांनी तिच्यासमोर काय उलगडावं, तर नारायणपेठ! मावशी जी हसायला लागली ती थांबेचना. कारण नारायणपेठ गाव आहे तेलंगणात. अर्ध्या पुण्याला वाटतं की ही साडी इथल्या नारायण पेठेतून, म्हणजे दोन चौक ओलांडून आलीये, मला पण लहानपणी तसंच वाटायचं, आणि मावशी म्हणे आमच्याकडची साडी मी तुमच्याकडून घेऊन परत आमच्याकडे नेऊ का. शेवटी इरकल घेतली, ठिपक्याची आणि चौकड्याची अशा दोन, 7,200 रुपये.

तर काउंटरवर पैसे देऊन झाले आणि मावशीने अगदी सहज, जसं पिशवी मागावी तसं विचारलं, "पार्किंगचा शिक्का कुठे मारता?"

आणि काउंटरवरच्या ताईंनी, अगदी सहज, ड्रॉवर उघडला, शाईचं पॅड काढलं आणि हात पुढे केला. "द्या ना चिठ्ठी."

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. ते दृश्य मी विसरणार नाही. त्याने खिशातून चिठ्ठी काढली, ताईंनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला एक रिकामा चौकोन, त्यात छापलेलं, "दुकानाचा शिक्का". ठप्प. झालं. तीन हजाराच्या वर बिल असेल तर पार्किंग फुकट, किती का तास असेना.

मी विचारलं हे कधीपासून आहे. ताई म्हणाल्या, पहिल्यापासून आहे की, पाटी आहे ना. आणि खरंच पाटी होती. काउंटरच्या मागच्या भिंतीवर पाच पाट्या आहेत. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही सगळ्यात मोठी, लाल अक्षरात. लहान मुलांना काउंटरवर बसवू नये. साडीचे फोटो काढू नयेत. उधारीची विनंती करू नये. या चार दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून वाचता येतात. पाचवी आहे ए-फोर कागदाची अर्धी घडी, लॅमिनेट केलेली, क्यूआर कोडच्या स्टँडच्या मागे, त्या स्टँडने तिचा वरचा अर्धा भाग झाकलेला, आणि जो अर्धा दिसतो त्यावर फक्त "मारून घ्यावा" एवढंच वाचता येतं. जे करू नका ते ढळढळीत लिहिलंय आणि जे आम्हाला मिळणार आहे ते क्यूआरच्या पाठीमागे.

मावशीला हे कसं माहीत असं तुम्हाला वाटेल. तिला माहीत काहीच नव्हतं, तिला सवय होती. तेलंगणात 2018 मध्ये सरकारने मॉल वगैरेंसाठी नियमच काढला, पहिला अर्धा तास फुकट, अर्धा तास ते एक तास असेल तर बिल दाखवलं की फुकट, आणि तासाच्या वर असेल तर बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्त असलं की फुकट. तेव्हापासून ती कुठेही काही घेतलं की बिल हातात धरूनच बाहेर पडते. तिला हे विचारायला लाज वाटत नाही, आम्हाला वाटते, किंवा लाज पण नाही, आम्हाला सुचतच नाही. आपण पुण्यातली माणसं, पार्किंगवाल्याने आकडा सांगितला की आधी फोन काढतो आणि मग गाडी सुरू झाल्यावर शिव्या देतो.

आता माझं डोकं हिशोबाला लागलं. चिठ्ठ्या काही हातात नव्हत्या, कारण बाहेर पडताना तो मुलगा चिठ्ठी परत घेतो, पण पैसे फोनवरून दिलेले म्हणजे सगळं नोंदलेलं. 160, 70, 40. एकूण 270. तिसऱ्या वेळेचं मी विचारलं की तेव्हा तर काही घेतलंच नव्हतं, नुसती डिलिव्हरी होती, तर ताई म्हणाल्या जुनं बिल दाखवलं असतं तरी मारला असता शिक्का. म्हणजे तोही गेला.

मी म्हटलं, ताई, पहिल्या दिवशी आम्ही चार-साडेचार तास होतो, एकसष्ट हजाराचं बिल केलं, तुम्ही कोणीच एका शब्दाने बोलला नाहीत. त्यावर त्यांचं उत्तर ऐका, "आम्हाला वाटलं तुम्ही रिक्षाने आलात." नऊ पिशव्या घेऊन, चार माणसं, रिक्षाने, चिंचवडला. वर परत, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की." मला सांगा, फुकट आहे का हो असं कोणी पैसे भरायच्या आधी विचारतं का, जे विकत आहे असं बोर्डावर लिहिलंय त्याबद्दल?

पैसे परत मिळतील का विचारलं. ताई म्हणाल्या त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पार्किंगचं आमच्याकडे नाही, खाली विचारा. खाली गेलो. पार्किंगवाला मुलगा तोच, पिशव्या उचलून देणारा. तो म्हणाला ताई, मी शिक्का बघतो, शिक्का असेल तर सोडतो, नसेल तर पैसे घेतो, माझ्या हातात काय आहे. हे पटलं मला. पण मग त्याने पुढे जे सांगितलं त्याने सगळं गणित कळलं. शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या ते वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतात, महिन्याच्या शेवटी मोजून दुकानाकडे देतात आणि दुकान तेवढ्या गाड्यांचे पैसे कॉन्ट्रॅक्टरला देतं. म्हणजे चिठ्ठी कोरी राहिली की ते पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात आणि दुकानाचे वाचतात. पार्किंगवाल्याला दोन्हीकडून सारखेच मिळतात, त्याला काय फरक पडतो. फरक पडतो तो फक्त दुकानाला आणि आपल्याला, आणि शिक्का ज्या ड्रॉवरमध्ये आहे तो ड्रॉवर दुकानाचा.

मी असं म्हणत नाही की मुद्दाम करतात. लग्नसराईत त्या काउंटरवर मी स्वतः बघितलंय, एका वेळी चार पार्ट्या पैसे द्यायला उभ्या, एकीकडे फॉल-पिकोची पावती, एकीकडे कोणाचं तरी बाळ रडतंय, त्यात कोण कोणाला चिठ्ठी विचारणार. पण ब्लाऊजची मापं घ्यायला विसरत नाहीत. व्हॉट्सअॅप ग्रुपला नंबर द्या म्हणायला विसरत नाहीत, तो तर तिन्ही वेळेला मागितला. मग "गाडी लावलीये का" हे तीन शब्द त्याच दमात विचारता येतात की.

नवऱ्याने तर घरी येऊन विषय पार कोर्टापर्यंत नेला. 2019 मध्ये गुजरात हायकोर्टाने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असा निकाल दिला होता, त्याच वर्षी आपल्याकडे पुण्यात पण महापालिकेने मॉलना पैसे घेऊ नका म्हणून नोटिसा काढल्या होत्या, बरंच गाजलं होतं तेव्हा, आणि आज जाऊन बघा, बऱ्याच ठिकाणी मीटर परत चालू. मी त्याला म्हटलं हे मॉल नाहीये, शेजारचं कॉम्प्लेक्स आहे, आणि दुकान फुकट देतंय उलट, आपण घेतलं नाही. तर तो म्हणतो तेच तर जास्त लागतं. कायद्याने लुटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे भांडायचं कोणाशी, तीन वेळा क्यूआर तर मीच स्कॅन केला. आणि खरं सांगू का, मला पण तेच टोचलंय. 270 रुपये गेले त्याचं एवढं नाही, परवाच मी तेवढ्याचा टोमॅटो सडवलाय फ्रीजमध्ये. पण ज्या दुकानात आई अर्धा तास भांडून एक ब्लाऊजपीस फुकट मिळवते, त्याच दुकानात न भांडता मिळणारी गोष्ट आम्ही तीन वेळा पैसे देऊन सोडून आलो, आणि आईला हे कळल्यापासून तिला त्या ब्लाऊजपीसचा आनंद पण राहिला नाहीये. ती म्हणते म्हणजे तो मला एकशेसाठला पडला.

हां, एक सांगायचं राहिलं, आमचं बोलणं चालू असताना आतून मालकांच्या सूनबाई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पैसे परत देता येणार नाहीत म्हणाल्या पण सॉरी म्हणाल्या, आणि काउंटरवरच्या ताईंना माझ्यासमोर सांगितलं की ती पाटी पुढे लावा. आईला एक रुमालाचा सेट दिला. आईने घेतला. मावशी म्हणाली नको कशाला, आणि मग तिने पण घेतला. पाटी खरंच हलवलीये का ते माहीत नाही, कोणी गेलात तर बघा, डावीकडे क्यूआरच्या शेजारी असायला पाहिजे.

ज्यांना बस्ता बांधायचाय त्यांनी खुशाल जा, सकाळी अकराच्या आत जा, वरच्या मजल्यावरचे साठीचे काका आहेत का विचारा आणि त्यांच्याकडेच बसा. पैठणी उलटी करून बघा. पार्किंगची चिठ्ठी पण उलटी करून बघा. ती गाडीत ठेवू नका, वर घेऊन जा, आणि पैसे द्यायच्या आधी, काउंटरवर ठेवून द्या सरळ, म्हणजे त्यांना विचारायला नको आणि तुम्हाला सांगायला नको. शिक्क्याची शाई ओली असते, पांढऱ्या शर्टच्या खिशात घालू नका, हे नवऱ्याच्या शर्टवरून सांगतेय, 270 मध्ये तो धरलेला नाहीये.

एक स्टार कापलाय तो पार्किंगचा. रविवारी ब्लाऊज आणायला परत जायचंय. 61,400 चं बिल आईने आत्ताच माझ्या पर्समध्ये ठेवलंय, आणि त्याची झेरॉक्स नवऱ्याच्या पाकिटात.